ओढ्याकाठची झाडी: या चुका टाळा (यातली पहिली मी स्वतः केलीय)

मे महिना आला की फोन सुरू होतात. "दादा, ओढा साफ करून घेतलाय, आता काठाला काय लावू?" अरे बाबा, होतं ते काढलंस कशाला?

आमचा ओढा कोरेगाव तालुक्यातला, पुढं वसना नदीला मिळतो. दोन्ही अंगाला ऊस, आलं, घेवडा आणि मधनं झाडीची एक पट्टी, कुठं पंधरा पावलं रुंद तर कुठं पाचच. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, खाली निर्गुंडी. ऊस तुटला की शिवार चार दिवसांत उघडंबोडकं होतं, मग रानमांजर, उदमांजर, साळिंदर, मुंगूस, घोरपड जे काय आहे ते सगळं याच पट्टीतनं वरखाली करतं. त्यांचा हायवे आहे तो. जूनमध्ये तिथल्या मोठ्या दगडांवर उदमांजराची विष्ठा बघा, अख्ख्या जांभळाच्या बियाच बिया, बाकी काही नाही. फुकटात पेरणी चाललेली असते.

चूक १: "साफसफाई"

ही माझी. आठ-नऊ वर्षांमागं गाळ काढायला मशीन आलं, सगळ्यांनी हो म्हटलं, मीही म्हटलं. ऑपरेटर म्हणाला, काठ पण उतरता करून देतो, कॅनॉलसारखा दिसंल. मला तेव्हा ते भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन करंज आणि एक जुना उंबर दुपारपर्यंत आडवे. उंबराच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती, ती संध्याकाळी लाइटच्या खांबावर येऊन बसली आणि किती वेळ ओरडत होती. पावसाळ्यात पाणी मस्त थांबलं, सगळे खूश, फोटोबिटो काढले. मग परतीचा पाऊस एका रात्रीत असा कोसळला की सकाळी तीन गुंठं आल्याचं रान ड्रिपच्या नळ्यांसकट ओढ्यात. काळी माती, धरायला एक मूळ नाही, दुसरं काय होणार? वरच्या अंगाच्या अण्णांनी मशीनला नाही म्हटलं होतं, आम्ही त्यांना आळशी म्हणून हसलो होतो. त्यांच्या करंजांची मुळं धुऊन उघडी पडली होती पण बांध जागच्या जागी. अण्णा हसले नाहीत, म्हणाले, "नळ्या काढाय माणूस देऊ का?" ते जास्त लागलं.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. खंड्या आणि वेडा राघू झाडावर घरटं करत नाहीत, मातीच्या उभ्या दरडीत हातभर लांब बीळ पाडतात. काठ उतरता केला किंवा त्यावर दगड बसवून पिचिंग केलं की त्यांचं घर संपलं, मग वर कितीही झाडं लावा.

गाळ काढायचाच असेल तर तळातलाच काढा, मशीन एकाच बाजूनं चालवा, दुसऱ्या काठाला हात लावू नका. डोह बुजवून ओढा सरळ करू नका, उन्हाळ्यात मासे आणि चतुर किड्यांची पिल्लं तिथंच तग धरतात. मी आदल्या दिवशी राखायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारतो आणि काम चालू असताना खुर्ची टाकून तिथंच बसतो. "सांगितलंय त्याला" म्हणून घरी जेवायला गेलात तर आल्यावर झाड नसतं.

चूक २: पाच जूनला खड्डे, सहा जूनला विसर

हौशी मंडळींवर माझा खास राग आहे. पर्यावरण दिन म्हणून पाऊस यायच्या आधी, पार पात्राच्या तळाला, ओळीनं गुलमोहर. एका ग्रुपनं आमच्याकडं असाच कार्यक्रम केला, टी-शर्ट, केळी, सगळं. पहिल्या पुरात अर्धी रोपं गेली, उरलेली शेरडांनी खाल्ली, आणि पुढच्या वर्षी तीच मंडळी विचारतात, "पक्षी का नाही आले?" गुलमोहरावर पक्षी खाणार काय?

उंबर लावा. वर्षातनं कितीदा तरी फळतो, आणि बाकी काही नसतं तेव्हा फळतो. तांबट, हळद्या, बुलबुल, रात्री वटवाघळं. राखी धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून उंबरं आणून फटीतनं भरवतो. ढोलीला जुनं झाड लागतं आणि फळाला उंबर-वड-पिंपळ, दोन्ही नसलं तर धनेश येऊन करणार काय?

माझी पद्धत, शास्त्र नाही: पाणी लागतं तिथं वाळुंजाचे मनगटाएवढे खुंट पावसाच्या तोंडावर ठोकून द्यायचे, जगतात. त्याच्या वर करंज, बी रात्रभर भिजवून जागेवरच टोकायचं. उंबराची रोपं विहिरीच्या नाहीतर जुन्या भिंतीच्या फटीत आयती मिळतात. शेताच्या कडेला निर्गुंडीच्या काड्या, कारण तिला शेरडं तोंड लावत नाहीत. आणि मग तीन वर्षं गप बसायचं. नर्सरीतनं सहा फुटी झाड आणून "इन्स्टंट जंगल" करणाऱ्यांना माझा नमस्कार.

चूक ३: वठलेलं झाड तोडणं

सरपणाला दुसरं बघा. ढोल्या जास्त करून त्यातच असतात.

चूक ४: मधेच गॅप

झाडी राखली म्हणता आणि मधले दोनशे फूट साफ, का तर ट्रॅक्टर वळवायला. रस्ता मधेच तोडला की लाजरं जनावर तिथनं माघारी फिरतं नाहीतर उघड्यावर येऊन कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. वळायला जागा लागते मान्य, पण दहा फूट लागते, दोनशे नाही. शेजाऱ्याशी बोला, त्याची पट्टी आणि तुमची जुळली तरच उपयोग.

चूक ५: पाचट पेटवून घरी जाणं

आग बांधावर थांबत नाही, निर्गुंडीत शिरते, आणि जमिनीलगत घरटी करणारे पहिले जातात. पाचट कुजवा. फवारणीचा पंपही ओढ्यात धुऊ नका, हे अजून सांगावं लागतं याचंच आश्चर्य.

चूक ६: बेशरमचं कुंपण

बेशरमची झुडपं काठाला लावता, दोन वर्षांत पात्र भरतं. कोयत्यानं तोडून तिथंच टाकलीत तर प्रत्येक तुकडा फुटतो. मुळासकट उपटा आणि बाहेर नेऊन वाळवा.

"पण झाडीमुळं बिबट्या येतो ना?"

हा प्रश्न येतोच. बिबट्याला लपायला ऊस पुरतो, जुन्नरकडं माद्या उसातच पिल्लं देतात. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली तर खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्क्यांच्या आसपास, कुत्र्यांचा निघाला. मग करंज तोडून काय होणार? वस्तीवरचा उघडा कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री आवरा, शेरडं रात्री पक्क्या गोठ्यात घाला.

रानडुकराचं मात्र तसं नाही. डुक्कर झाडीत बसतं, बसतंच, उगाच झाडीची बाजू घ्यायची म्हणून नाही म्हणणार नाही. पण ऊस उभा असताना ते उसातच असतं, तेव्हा काठ साफ करून काही फरक पडत नाही, आम्ही केलाच होता की साफ. मी भुईमूग आणि मका ओढ्याला लागून करायचं सोडलं, त्या कडेला आता हत्तीगवत असतं.

सावलीचं म्हणाल तर शेताकडच्या खालच्या फांद्या तेवढ्या छाटा, शेंडा नको. तरी दोन सऱ्या कमी येतात, येऊ देत. तीन गुंठं गेलं होतं तेव्हा कुणाला विचारलं होतं?