एल्डन रिंगचा शेवट: राजधानी राखेत जाण्यापूर्वी
२०२२ साली आलेल्या ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममध्ये मालिकेथ या बलाढ्य शत्रूला हरवताच लेंडेल ही राजधानी कायमची राखेखाली जाते आणि मागे परतण्यासाठी जुना सेव्ह (खेळाची जपून ठेवलेली आधीची स्थिती) हाताशी नसतो, म्हणून तिथल्या गल्लीबोळांतील वस्तू व अपुरी कामे आधीच उरकून घ्यावीत. शेवटी राडागॉन आणि एल्डन बीस्ट या अखेरच्या दोन शत्रूंशी सलग लढावे लागते. हरल्यास पुन्हा राडागॉनपासूनच सुरुवात होते. आपल्या परभणी-लातूरकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने ही लढत इन्व्हर्टरच्या भरवशावरच खेळावी. शेवट पाहून झाल्यावर पुढचा प्रवास (त्याच पात्रासह खेळ पुन्हा पहिल्यापासून) लगेच सुरू करण्याचा पर्याय मात्र घाईने निवडू नये, कारण तो राउंडटेबल होल्ड या खेळातल्या मुक्कामाच्या ठिकाणाहून नंतरही सुरू करता येतो.