शेव्हेलची सरकलेली टायमिंगची खूण

न्यू जर्सीत आम्ही घरच्यांनी मिळून १९६९ ची शेव्हरले शेव्हेल घेतली, ३९६ घनइंचांच्या व्ही-८ इंजिनची. टायमिंग लाइटवर (स्पार्क पडतो त्या क्षणी चमकून फिरती खूण दाखवणारा दिवा) सगळं बरोबर दिसायचं, तरी चढावर इंजिन खडखडायचं. प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, फरक शून्य.

दोष निघाला क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरमध्ये, म्हणजे कंप शोषणाऱ्या चाकात. त्याची बाहेरची कडी आणि आतला भाग यांच्यामध्ये रबर असतं. वयानुसार ते सुटतं, कडी सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खूणही. म्हणजे स्पार्क प्रत्यक्षात फार लवकर पडत होता!

तपासणी अशी: बॅटरी सोडवली, सगळे प्लग काढले, एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (वर येणाऱ्या पिस्टनला अडवणारा बोल्ट) बसवला. मुलीने क्रँक पान्याने हळूहळू, टेकेपर्यंत फिरवला. बायकोने टॅबवरच्या (इंजिनवरची अंशांची स्थिर पट्टी) शून्यासमोर कडीवर खडूने खूण केली. मग उलट दिशेने तसंच. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे पिस्टनचा खरा सर्वोच्च बिंदू. जुनी खूण तिथून बरीच लांब होती. (स्टॉप असताना स्टार्टर मारू नका, पिस्टन फुटेल.)

नवा बॅलन्सर इन्स्टॉलर या खास हत्यारानेच ओढून बसवला. हातोडा तिथे कधीच वापरू नये. टायमिंग नव्याने लावलं आणि खडखड थांबली. आता ब्रेक उघडलेत.