बाँडच्या वर्षात आदिवासी पीएचसी: ओपीडीत न आलेलं मूल कसं मोजायचं

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवा करण्याचा बाँड असतो, चुकवायचा तर दहा लाख भरा. धारणी, धडगाव किंवा भामरागडसारख्या आदिवासी तालुक्यात नेमणूक मिळाली की बरेच जण ते वर्ष नीट-पीजीच्या अभ्यासात काढतात. अभ्यास जरूर करा. पण आरोग्यातली विषमता हेच पुढे कामाचं क्षेत्र ठरवायचं असेल, तर त्याचं मूळ कौशल्य इथेच शिकता येतं. ते म्हणजे ओपीडीपर्यंत न पोचलेल्याची मोजदाद.

आदिवासी भागात एका पीएचसीकडे (प्राथमिक आरोग्य केंद्राकडे) निकषाप्रमाणे 20,000 लोकसंख्या असते. ती सगळी पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नका. रस्त्यापासून लांबची चार-पाच गावं मिळून 5,000 लोक होतील एवढंच धरा. रस्त्यालगतची गावं सोयीची असतात, पण तिथली मुलं तशीही तुमच्याकडे येतातच.

आधी कागदावर गणित करा. जन्मदर हजारी 18 धरला तर वर्षाला 90 जन्म व्हायला हवेत. रजिस्टरमध्ये 60 असतील, तर पाळणा लांबलाय म्हणून खूश होण्याआधी गळती शोधा. ती ठरलेल्या जागी सापडते: पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली सून, दिवाळीनंतर मजुरीला बाहेर पडलेली कुटुंबं, आणि जन्मून दोन-चार दिवसांत गेलेलं बाळ, जे बारसं न झाल्यामुळे कुणाच्याच यादीत नसतं. नियम एकच ठेवा: बाळ कुठेही जन्मो, नोंद आईच्या नेहमीच्या गावात. मेळघाटात स्थलांतरितांच्या नोंदी होळीच्या आठवड्यात घ्या; तिथल्या कोरकू आदिवासींचा तो मोठा सण, माणसं परत आलेली असतात.

एका यादीवर विसंबू नका. एक यादी आशाताईची, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेची. दुसरी तिच्याशी न बोलता केलेली: सुईण, पोलीस पाटील, अंगणवाडी मदतनीस आणि लहान मुलांना पुरायला जाणारी माणसं यांच्याकडून. महिन्याअखेर दोन्ही जुळवा. समजा वर्षाअखेर पहिलीत 72 जन्म, दुसरीत 60 आणि दोन्हींत सामाईक 48. मग 72 गुणिले 60 भागिले 48, म्हणजे अंदाजे एकूण 90. हाती आलेले 84 (72 अधिक 60 वजा 48), तेव्हा दोन्ही याद्यांतून निसटलेले साधारण 6. ही रीत चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी 1949 साली मांडली. दुसरी यादी पहिलीवरून उतरवलेली असेल, तर सामाईक आकडा फुगतो आणि निसटलेले शून्य दिसतात. इतकी सुबक जुळणी दिसली की संशय घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मृतजन्म आणि नवजात मृत्यू (जिवंत जन्मून पहिल्या 28 दिवसांत झालेला) यांत. बाळ गेलं की चौकशी लागते, कागद रंगवावे लागतात. ‘मेलेलंच जन्मलं’ असं लिहिलं की प्रश्न कमी येतात. म्हणून ‘जिवंत होतं का?’ असं विचारू नका. बाळंतपण करणाऱ्या बाईला सुटं सुटं विचारा: रडलं का, श्वास घेतला का, हातपाय हलले का, नाळ उडत होती का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर तो जिवंत जन्म. पडताळा असा: नवजात मृत्यूंपैकी साधारण तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी होतो. तुमच्याकडे पहिल्या दिवसाचा रकाना रिकामा आणि मृतजन्म भरपूर, तर नोंद चुकतेय. आणि मृत्यू कळवणाऱ्या आशाताईला बैठकीत कधीही झापू नका. पुढच्या महिन्यात मृत्यू घटतील, पण फक्त कागदावर.

घरच्यांना तारीख आठवत नसेल तर पोळा, मोहफुलं वेचण्याचे दिवस, तेंदूपत्त्याचा हंगाम, बाजाराचा वार यांवरून वय काढा.

मोजताना उपचारही चालूच हवेत. न्यूमोनियाला आई ‘न्यूमोनिया’ म्हणत नाही. ‘डबा झाला’, ‘धाप लागली’, ‘पोट उडतंय’ असं म्हणते, आणि गोंडी, माडिया, कोरकू किंवा पावरीत आणखी काही. तो शब्द आधी शिका. मूल शांत असताना, दूध पीत नसताना, अंगडं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट केलं की चूकही दुप्पट होते. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40 किंवा जास्त म्हणजे वेगवान. सीमेवरचा आकडा आला तर पुन्हा मोजा. मोठे आकडे न येणाऱ्या सुईणीला मणी द्या: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा.

दोन महिन्यांवरच्या मुलाला नुसताच वेगवान श्वास असेल तर तोंडाने अमॉक्सिसिलिन, दर वेळी 40 मिलिग्रॅम प्रतिकिलो, दिवसातून दोनदा, पाच दिवस. विरघळणारी 250 मिलिग्रॅमची गोळी वापरा; अनेक घरांत मापाचा चमचा नसतो आणि बाटलीतलं औषध अंदाजाने जातं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. दूध सोडलं, झटके आले, सुस्त पडलं, छाती आत ओढली जातेय, किंवा बाळ दोन महिन्यांखालचं आहे, तर गाडी बोलवा.

नवजात बाळासाठी आशाच्या गृहभेटी ठरलेल्या आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस; घरी बाळंतपण झालं तर पहिला दिवसही. भेट खरी झाली का, हे सहीवरून नाही, वजनांवरून कळतं. प्रत्येक बाळ नेमकं अडीच किलोचं असेल तर काटा पिशवीतून निघालेलाच नाही. रिकाम्या झोळीसकट काटा शून्यावर आणायला शिकवा. झोळीचं वजन मिसळलं की कमी वजनाचं बाळ निरोगी ठरतं.

या कामाचा कस गडचिरोलीत लागला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 साली सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि इतर 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते 1999 साली आलं. दोन्हीकडचे मृत्यू काटेकोर मोजले होते, म्हणूनच हा आकडा टिकला.

तुमचा आकडा मात्र इतक्यात मिरवू नका. 90 जन्मांत 4 मृत्यू म्हणजे हजारी 44. पुढच्या वर्षी 2 झाले तर 22. ‘निम्मे केले’ असं अहवालात छान दिसेल, पण एवढ्या लहान संख्येत ते नुसत्या योगायोगानेही होतं. तीन वर्षांची बेरीज करा किंवा शेजारच्या पीएचसीच्या नोंदी जोडा. यातून शोधनिबंध करायचा विचार असेल तर नैतिकता समितीची परवानगी सुरुवातीलाच घ्या, मागाहून मिळत नाही.

बाँड संपताना रजिस्टर बॅगेत घालून नेऊ नका. उपकेंद्रात ठेवा आणि नव्या डॉक्टरसोबत दोन गावं चालून या, दुसरी यादी कुणाकडून मिळते ती माणसं त्याला दाखवा.