अडेनियम पावसाळ्यात कुजायचं, ते असं थांबवलं

सिंहगड रोडला गच्चीवर माझी छोटी नर्सरी आहे. पुण्याचा उन्हाळा रोपं हिरव्या शेडनेटखाली निभावून नेतात, खरी परीक्षा जुलैची. दिवसदिवस भुरभुर पाऊस, ऊन नाही, आणि अडेनियमचा, म्हणजे या कोरड्या प्रदेशातल्या फुलझाडाचा, फुगीर बुंधा बोटानं दाबला की पचकन आत जातो! लाल माती पाण्यानं घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशी धरते.

आता मे महिन्यातच माती बदलते. निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा, बाकी माती नि चांगलं कुजलेलं शेणखत. कुंड्या विटांवर, वर पारदर्शक पत्रा.

तरीही एखादं रोप मऊ पडलंच, तर उपटून कुजका भाग स्वच्छ, घट्ट गर लागेपर्यंत कापायचा, बुरशीनाशक पावडर लावायची, सावलीत आठवडाभर सुकवून मगच लावायचं. बरीच रोपं अशी वाचली. थंडीत पानं गळली तर घाबरू नका, पाणी तेवढं कमी करा.