नोकरीवर परतताना अंगावरचं दूध काढून ठेवायचं कसं

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात हमखास विचारणा होते, "आता वरचं दूध सुरू करायचं का?" बहुतेक बाळांना त्याची गरज नसते. पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने 26 आठवडे पगारी रजा आहे. पण त्यातली थोडी प्रसूतीआधीच खर्ची पडली, की बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत कामावर हजर व्हावं लागतं.

तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. सकाळचं पहिलं पाजून झालं की तासाभराने दूध काढायला बसा, त्या वेळी ते जास्त असतं. सुरुवातीला 20-30 मिली निघालं तरी पुष्कळ झालं. वाटीत दिसतं तेवढंच अंगावर दूध आहे, असं मुळीच समजू नका. बाळ नीट ओढतं तेव्हा जेवढं दूध येतं, तेवढं हाताने किंवा पंपाने येईलच असं नाही. 'मला दूध कमी आहे' हा गैरसमज इथेच होतो आणि विनाकारण पावडरीचा डबा घरात येतो.

हाताने काढणं प्रत्येकीने शिकावं. पंप बिघडला, वीज गेली तरी अडत नाही. हात साबणाने धुवा, कोमट ओल्या फडक्याने छाती थोडी शेका, हलक्या हाताने चोळा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडापासून साधारण 3 सेंटीमीटर मागे ठेवा. आधी बरगड्यांकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. पुन्हा तेच. बोटं कातडीवरून घसरू देऊ नका आणि बोंड चिमटू नका. त्याने दूध येत नाही, नुसतं सोलवटतं. पहिली एक-दोन मिनिटं थेंबच पडतात. इथेच बऱ्याचजणी सोडून देतात. थांबा, पान्हा फुटला की धार लागते. धार मंदावली की दुसरी बाजू, मग परत पहिली. एकूण 20 ते 30 मिनिटं.

साठवायला घट्ट झाकणाची काचेची किंवा स्टीलची भांडी घ्या, धुऊन 10 मिनिटं उकळा. एका भांड्यात 60 ते 90 मिलीच भरा, म्हणजे उरून वाया जात नाही. वर तारीख-वेळ लिहा. खोलीचं तापमान 25 अंशांपर्यंत असेल तर दूध 4 तास बाहेर टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यावर विसंबू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं, पण दारात नाही, आत मागच्या बाजूला. फ्रीझरमध्ये 6 महिने. ताजं कोमट दूध थंड दुधात थेट ओतू नका, आधी गार करा.

पाजताना भांडं गरम पाण्यात धरा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका: एखादा भाग कढत राहतो आणि तोंड पोळतं. वर आलेली साय हलवली की मिसळते, दूध नासलेलं नसतं. आजीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चांगलं दूध मोरीत जातं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) बरं, धुवायला सोपं. बाळाला उठतं धरून, घोटाघोटाने द्या. उष्टं दूध 2 तासांच्या आत संपवा, नंतर टाकून द्या.

कामावर दर तीन तासांनी दूध काढा. मीटिंग आहे म्हणून टाळलं की छाती दाटते, गाठ होते आणि दूधही आटू लागतं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा सुट्ट्या हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही हवं. बसायला स्वच्छ खोली मागून घ्या, स्वच्छतागृहात दूध काढू नका. घरी आणायला बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्मल बॅग वापरा.

घरी पोचलात की आधी हातपाय धुऊन बाळाला जवळ घ्या. चहा, भांडी, फोन नंतर. दिवसभर वाट पाहिलेलं बाळ तेव्हा पोटभर पितं, दाटलेली छाती हलकी होते, आणि त्या ओढण्यानेच दुसऱ्या दिवशीचं दूध तयार होतं. रात्रीही अंगावरच पाजा. गाठ लाल झाली, ठणकू लागली, थंडी वाजून ताप आला, तर पाजणं बंद करू नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.