घरी रंगीत रोल धुताना: सगळं काही सव्वातीन मिनिटांत

रंगीत निगेटिव्ह रोल सी-४१ या पद्धतीने धुतला जातो. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं १५ सेकंद चालवायचा, आणि निगेटिव्हचं बरंवाईट तिथेच ठरतं. पुढची रसायनं अंशभर इकडेतिकडे, मिनिटभर जास्त असं सहज खपवून घेतात. डेव्हलपर मात्र खपवून घेत नाही.

याचं कारण फिल्मच्या रचनेत आहे. निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे थर एकाखाली एक असतात आणि डेव्हलपर वरून खाली झिरपत जातो. पाणी गार पडलं की तळचा, लाल प्रकाशाचा थर मागे राहतो. मग सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्याच. असा बिघाड स्कॅन केल्यावर संगणकावरही पुरता निघत नाही.

म्हणून पहिला खर्च थर्मामीटरवर करा, आणि त्याच्यावरही आंधळा विश्वास नको. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ३७-३८ अंशांच्या आसपास फार नेमका असतो. कोमट पाण्यात दोन्ही धरा आणि जेवढा फरक दिसेल तेवढा लक्षात ठेवा.

बाकी साहित्य मोजकंच: प्रकाशबंद टँक आणि त्यात फिल्म गुंडाळायचं रीळ, चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात फिल्म रिळावर चढवायची प्रकाशबंद पिशवी), मोजपात्रं, गडद रंगाच्या १ लिटरच्या बाटल्या, मोठा टब आणि हातमोजे. टँकच्या बुडाशी किती मिलिलिटर लागतं ते लिहिलेलं असतं. ३५ मिमीच्या एका रोलला बहुतेक प्लास्टिक टँकमध्ये ३०० मिलिलिटर पुरतं. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. डेव्हलपर त्वचेवर ॲलर्जी आणू शकतो आणि फिल्ममधली चांदी काढून टाकणाऱ्या ब्लिक्स या पुढच्या रसायनाचा वास उग्र असतो, तेव्हा खिडकी उघडी हवी.

रोलच्या डबीवर सी-४१ लिहिलेलं आहे का, ते आधी पाहा. साधी कृष्णधवल फिल्म यात टाकली तर ब्लिक्स तिची सगळी चांदी धुऊन नेतो आणि हाती कोरी पट्टी येते. पाठीवर काळा कार्बनचा थर असलेली सिनेमाची फिल्मही चालत नाही. तो थर सुटून रसायनात मिसळतो.

रसायनांच्या किटमधल्या पुड्या सोबतच्या पत्रकात दिलेल्या क्रमानेच विरघळवा. डेव्हलपर जोरात घुसळू नका. हवेने तो मरतो, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरलेली असावी. चहाच्या काढ्यासारखा काळपट झालेला डेव्हलपर टाकून द्या.

रिळावर फिल्म चढवताना रीळ अगदी कोरडं हवं. जरा ओल असली तरी फिल्म अडकते, आणि जोर लावला की मुडपून अर्धचंद्राचे डाग पडतात. टाकाऊ रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करा.

बाटल्या टबात ठेवून पाणी ३८-३९ अंशांवर स्थिर करा. टँकमध्ये त्याच तापमानाचं पाणी १ मिनिट ठेवून ओतून टाका. हे पाणी हिरवं-निळं निघालं तर घाबरू नका, तो फिल्मचाच रंग आहे. आता डेव्हलपर. पहिली १० सेकंदं सतत हलवा, टँक आपटून बुडबुडे सोडवा, मग दर ३० सेकंदांनी ४ वेळा उलटसुलट करा. मधल्या वेळात टँक टबातच राहू दे. ओतायला १० सेकंदं लागतात, तेव्हा ३:०५ ला परत बाटलीत ओतायला लागा.

लगेच ब्लिक्स, ८ मिनिटं. उरलेल्या डेव्हलपरशी गाठ पडल्यावर त्यातून वायू सुटतो, म्हणून सुरुवातीला झाकण अधूनमधून सैल करा, नाहीतर ते उडून शिंतोडे येतील. मग साधारण त्याच तापमानाच्या पाण्याने ३ मिनिटं धुवा. शेवटी स्टॅबिलायझर (फिल्म टिकवणारं द्रावण) १ मिनिट, तोही फिल्म रिळावरून काढून वेगळ्या भांड्यात. रिळाला लागला तर पुढची फिल्म चिकटते. यानंतर पाणी नाही. फिल्म पुसू नका, खाली चिमटा लावून धूळ नसलेल्या जागी २-३ तास टांगा. ओली फिल्म दुधाळ दिसते, वाळली की निवळते.

ब्लिक्सचे थेंब डेव्हलपरच्या बाटलीत गेले तर डेव्हलपर संपला. दोन्हींची नरसाळी वेगळी ठेवा. प्रत्येक रोलनंतर बाटलीवर एक रेघ ओढा, कारण वापर वाढेल तसा डेव्हलपरचा वेळ पत्रकाप्रमाणे वाढवावा लागतो. वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते. तो मातीत किंवा नाल्यात न ओतता घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

निगेटिव्ह वाचायला शिका. चित्रं नाहीत पण कडेचे आकडे स्पष्ट आहेत, तर दोष कॅमेऱ्यात: फिल्म पुढे सरकली नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही नसतील तर डेव्हलपर मेलेला होता किंवा ब्लिक्स आधी पडला. सगळंच काळं म्हणजे उजेड शिरला. रंग मळकट आणि दाणा भरड असेल तर आत चांदी राहिली आहे. तो रोल पुन्हा ब्लिक्समध्ये ८ मिनिटं घाला, मग धुवून स्टॅबिलायझर द्या. हे भर उजेडातही करता येतं.