‘ताईंना विचारा’ कसं बंद केलं

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसीचं जॉबवर्क आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे भाग करून द्यायचे. पाच सीएनसी, दोन व्हीएमसी (उभ्या मिलिंगची मशीनं), सगळी मिळून २६ माणसं. बाबांनी शेड माझ्या हाती दिली तेव्हा कारखान्याची सगळी रचना दोन शब्दांत मावायची: ताईंना विचारा. ताई म्हणजे मी. इन्सर्ट (धातू कापायची बदलती पाती) संपले, ताईंना विचारा. टेम्पोवाला भाडं वाढवून मागतोय, ताईंना विचारा. ताई बँकेत गेल्या की मशीन उभं.

तुमच्याकडेही हेच चालू असेल तर लगेच ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली त्याचा तक्ता, काढायला बसू नका. मी बसले होते. चौकोन काढले, नावं घातली, लॅमिनेट करून ऑफिसात लावलं. दुसऱ्याच दिवशी फोन: “ताई, कूलंट कुठून मागवू?” (कूलंट म्हणजे कापताना मशीनवर सोडायचं गार द्रव.) चौकोनात नाव होतं, पण त्या माणसाने स्वतःच्या जोरावर काय ठरवायचं ते कुठेच नव्हतं.

त्याऐवजी आठवडाभर एक वही जवळ ठेवा. कोणी काय विचारलं आणि उत्तराला तुम्ही खरंच लागला होतात का, एवढंच लिहा. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, त्यामुळे शुक्रवार ते बुधवार माझ्या वहीत ८३ प्रश्न जमले. निम्म्याहून जास्त दोन-दोन हजारांच्या आतल्या खरेदीचे. आणि खरं सांगते, लोक विचारतात याचं मला बरं वाटत होतं. ते आधी स्वतःशी कबूल करावं लागलं.

मग त्या प्रश्नांचे गठ्ठे करा. आमचे पाच झाले: खरेदी-स्टोअर, उत्पादन, तपासणी, डिस्पॅच, हिशेब. प्रत्येक गठ्ठ्याला एक माणूस द्या आणि त्याची मर्यादा आकड्यात सांगा. स्टोअरवाले काका ठरलेल्या तीन दुकानांतून ५,००० रुपयांपर्यंत न विचारता घेतील. वर गेलं की मला फोन. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा” असं कधीच सांगू नका. त्याने माणूस बिचकतो आणि पुन्हा विचारायला येतो. शिवाय मागवणारा, मोजून घेणारा आणि बिल तपासणारा एकच ठेवू नका. आमच्याकडे ऑर्डर काका देतात, आलेला माल मोजून चलनावर सही डिस्पॅचचा मुलगा करतो, बिल आई बघते. यात काकांवर अविश्वास नाही. उलट उद्या हिशेब चुकला तर संशय एकट्या त्यांच्यावर येत नाही.

तपासणीचं मात्र मी महागात शिकले. आमचा इन्स्पेक्टर उत्पादनाच्या सुपरवायझरच्या हाताखाली होता. महिनाअखेर, ३०० बुश (नळीसारखे पोकळ भाग) जायचे होते. बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, गो गेज जायला हवा तो जात होता, आणि जायला नको तो नो-गोसुद्धा जात होता, म्हणजे बोअर मोठा झालेला. सुपरवायझर म्हणाला, पाठव रे, असेंब्लीत चालून जातं. पोराने सही केली. आठवड्यात सगळा लॉट परत, वर डेबिट नोट, म्हणजे ग्राहकाने ती रक्कम आमच्या नावे टाकली. मी आधी त्या पोरालाच फैलावर घेतलं. दोन दिवसांनी रजेचे अर्ज चाळताना डोक्यात उजेड पडला: त्याच्या रजेवर आणि ओव्हरटाइमवर सही त्याच सुपरवायझरची. त्याच्या मालाला हा नाही कसा म्हणणार? तेव्हापासून तपासणी थेट माझ्याकडे. माल थांबवायचा हक्क इन्स्पेक्टरचा. मापाबाहेरचा माल सोडायचा तर तो मीच सोडणार, तोही ग्राहकाने लेखी मान्य केलं तरच.

घरच्या माणसांचं काय, हा पुढचा पेच. माझा भाऊ मार्केटिंग बघतो. ग्राहकाचा फोन आला की तो सरळ शॉपफ्लोअरवर जाऊन चालू जॉब उतरवायला लावायचा. एकदा मशीनवर जॉब लावणारे सेटर अण्णा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “दादा म्हणतात जॉब काढ, सुपरवायझर म्हणतो हात लावू नको. मी ऐकायचं कुणाचं?” एका माणसाला एकच साहेब, हे हेन्री फेयॉल नावाच्या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ सालीच मांडलं होतं, आम्हाला ते अण्णांनी शिकवलं. आता रोज सकाळी सव्वाआठला फळ्यापाशी दहा मिनिटं उभं राहायचं. दादाला जे हवं ते तिथे सुपरवायझरला सांगायचं. मशीनपाशी जाऊन नाही.

दुसरी जागा घेतलीत तर काय एकत्र ठेवायचं आणि काय वेगळं, ते आधी ठरवा. चाकणच्या शेडला आम्ही सुपरवायझर वेगळा दिला, खरेदी मात्र एकत्र ठेवली, कारण इन्सर्ट एकगठ्ठा घेतले की भाव बरा मिळतो. तिथल्या इन्स्पेक्टरला रोजचं काम चाकणचा सुपरवायझर देतो, पण पास-नापास आणि रजा दोन्ही भोसरीकडे. इथे एकाच साहेबाचा नियम थोडा मोडतो, कळतंय मला. पण ते बुश मी विसरलेले नाही.

कागदावरची रचना सीएसोबत बसून ठरवा. भागीदारीत एका भागीदाराने धंद्यासाठी केलेली सही सगळ्यांच्या गळ्यात येते. २००८ च्या कायद्याने आलेल्या एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) ती संस्थेला बांधते, दुसऱ्या भागीदाराला व्यक्तिशः नाही. प्रायव्हेट लिमिटेडला निदान दोन संचालक लागतात. आमच्याकडे आई आणि मी. पण संचालक म्हणून आईला कूलंटचा ब्रँड बदलता येत नाही, ते काकांचं काम. हे तिला पटायला जरा वेळ लागला.

घडी बसली का, ते गैरहजर राहून बघा. आषाढी वारीत आम्ही मायलेकी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला गेलो. फोन पिशवीत बंद. रात्री उघडला तर चार मिस्ड कॉल. दोन बँकेचे, एक दादाचा उगाच. चौथा काकांचा: इन्सर्टची पेटी ५,४०० ला पडत होती, म्हणून त्यांनी थांबवून ठेवली होती. पालखीहून परत आल्यावर त्यांची मर्यादा ८,००० केली.